विजेत्याचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)

२९ एप्रिल २०२२ रोजी लंडनमधील सदर्क क्राउन कोर्टाने बोरिस बेकर या निवृत्त टेनिसपटूला अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. त्या दिवशी विंबल्डनच्या जांभळ्या-हिरव्या रंगांचा टाय बांधून तो न्यायालयात आला होता. त्याच शहरात, ७ जुलै १९८५ रोजी, सतरा वर्षांच्या बेकरने विंबल्डनचे अजिंक्यपद जिंकले होते. एवढ्या लहान वयात ते पद मिळवणारा तो पहिला पुरुष खेळाडू, मानांकन नसताना ते मिळवणाराही पहिला आणि जर्मनीचाही पहिला. वृत्तपत्रांना हा विरोध पुरेसा होता. रावाचा रंक झाला, ही जुनी कथा नव्या नावाने जगभर छापली गेली. कोणी हळहळले, कोणी मनातून सुखावले.

हळहळ आणि सुख ही दोन्ही बाजूला ठेवून या प्रकरणाचा विचार करणे अवश्य आहे. कारण त्याविषयीची सर्वसाधारण समजूतच चुकीची आहे. बेकरला कर्ज फेडता आले नाही म्हणून तो तुरुंगात गेला, असे पुष्कळांना वाटते. तसे झालेले नाही. कर्ज न फिटणे हा इंग्लंडच्या कायद्याने आज गुन्हा नाही. नादारी जाहीर झाल्यावर आपल्याजवळ काय काय आहे ते त्याने खरेपणाने सांगितले नाही, हा त्याचा गुन्हा होता. पैसा गेला ही एक गोष्ट आणि हिशेब दिला नाही ही अगदी दुसरी गोष्ट. या दुसऱ्या गोष्टीचे मूळ शोधू लागले म्हणजे विषय एका माणसाच्या उधळेपणापुरता राहत नाही.

प्रथम हे पाहिले पाहिजे की टेनिसपटूच्या हाती पैसा आला कोठून. १९६८ पर्यंत विंबल्डनसारख्या स्पर्धांत केवळ हौशी खेळाडूंना प्रवेश होता. तिकिटांचे उत्पन्न क्लबांकडे आणि संघटनांकडे जाई; ज्यांना पाहण्यासाठी लोक तिकिटे काढीत त्यांना उघडपणे काही मिळत नसे. प्रवासखर्चाच्या नावाखाली पाकिटे दिली जात आणि हौशीपणाचे सोवळे अशा रीतीने सांभाळले जाई. घरी पैसा असणाऱ्यांना हे सोवळे परवडणारे होते. फ्रान्सच्या सुझान लाँग्लेनने १९२६ मध्ये ते झुगारले आणि मोबदला घेऊन खेळण्याचा दौरा पत्करला. आपल्या खेळावर इतरांनी पैसा मिळवला आणि आपल्या हाती काही आले नाही, हे तिने उघड बोलून दाखवले. त्यानंतरही चार दशके, जो उघडपणे मोबदला घेईल त्याला मोठ्या स्पर्धांचे दार बंद होत असे. १९६८ मध्ये ते दार उघडले. त्या वर्षी विंबल्डन जिंकणाऱ्या रॉड लेव्हरला २,००० पौंड मिळाले. स्त्रियांचे अजिंक्यपद मिळवणाऱ्या बिली जीन किंगला ७५०.

दार उघडले तरी सत्ता जुन्या हातांतच होती. १९७२ मध्ये पुरुष खेळाडूंनी आपली संघटना स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिची परीक्षा झाली. युगोस्लाव्हियाचा निकोला पिलिच डेव्हिस चषकात खेळण्यास तयार नव्हता, असे ठरवून त्याच्या देशाच्या टेनिस संघटनेने त्याच्यावर बंदी घातली आणि विंबल्डनने ती मान्य केली. तेव्हा ८१ खेळाडूंनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. आदल्या वर्षीचा विजेता स्टॅन स्मिथ त्यांत होता. वर्षातील सर्वांत मोठ्या मानावर आणि कमाईवर त्यांनी एका सहकाऱ्यासाठी पाणी सोडले. त्याच १९७३ साली बिली जीन किंगच्या पुढाकाराने स्त्री खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि अमेरिकन खुल्या स्पर्धेत स्त्री-पुरुषांना समान बक्षीस मिळाले.

पुढच्या पिढीच्या हाती आलेला पैसा हा अशा रीतीने संघटित लढ्याचे फळ होता. विंबल्डनच्या पुरुष विजेत्याचे बक्षीस १९८५ मध्ये १,३०,००० पौंडांवर गेले होते. २०२५ मध्ये ते ३० लाख पौंड झाले. ज्या पिलिचसाठी ८१ जण बाहेर पडले तोच पुढे पश्चिम जर्मनीच्या डेव्हिस चषक संघाचा कर्णधार झाला. १९८८ आणि १९८९ मध्ये त्या संघाने चषक जिंकला तो मुख्यतः बेकरच्या बळावर. सामना चालू असताना कर्णधार खेळाडूच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. आपली कमाई कोणाच्या एकजुटीतून शक्य झाली, हा इतिहास बेकरच्या शेजारीच बसलेला होता.

आता बेकरच्या गावाकडे वळावे. हायडेलबर्गजवळचे लाइमेन हे लहानसे गाव. तेथे २२ नोव्हेंबर १९६७ रोजी त्याचा जन्म झाला. वडील वास्तुशिल्पज्ञ, गावच्या टेनिस क्लबची वास्तू त्यांनीच उभारलेली. बाडेन विभागाच्या टेनिस संघटनेचे प्रशिक्षण केंद्र लाइमेनमध्येच होते. जवळच्या ब्र्यूल गावची स्टेफी ग्राफही तेथे सरावाला येई. दोन शेजारच्या गावांतून एकाच काळात जगातले दोन अव्वल खेळाडू निघाले, त्यामागे दोघांचे असामान्य गुण होते, तशीच त्या भागातील क्लबांची, प्रशिक्षकांची आणि केंद्रांची एक व्यवस्थाही होती. मुलाला रॅकेट घरातून मिळते; परंतु त्याला घडवणारी मैदाने, शाळा, रस्ते, दवाखाने आणि स्पर्धा ही समाजाने पिढ्यान् पिढ्या घातलेल्या भांडवलावर चालतात.

१९८४ मध्ये बेकरने शाळा सोडली आणि तो व्यावसायिक खेळाडू झाला. रुमानियाचा माजी खेळाडू इयॉन टिरियाक त्याचा व्यवस्थापक झाला, ग्युंटर बॉश प्रशिक्षक. त्याच सुमारास त्याचा पत्ता बदलला: लाइमेनऐवजी मोनाको. दोन चौरस किलोमीटरांच्या आसपास क्षेत्रफळाचे हे संस्थान आपल्या रहिवाशांच्या व्यक्तिगत उत्पन्नावर कर घेत नाही. त्यामुळे जगभरचे श्रीमंत तेथे राहतात, निदान कागदोपत्री तरी राहतात. सज्ञान होण्यापूर्वीच एका मुलाला जगाने जे पहिले अर्थशास्त्र शिकवले ते असे, की कमाई हाती येऊ लागली म्हणजे ज्या समाजात आपण वाढलो त्यातून आपले नाव काढून घ्यावे. हे शिकवणारे दरोडेखोर नव्हते. त्या धंद्यात ती रीतच होती.

मैदानावरील त्याची कामगिरी सर्वपरिचित आहे. १९८५ नंतर १९८६ आणि १९८९ मध्ये पुन्हा विंबल्डन. १९८९ मध्ये अमेरिकन खुली स्पर्धा. १९९१ आणि १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन. जानेवारी १९९१ मध्ये तो जागतिक क्रमवारीत पहिला झाला. १९९२ मध्ये बार्सेलोना येथे मिखाएल श्टिखच्या जोडीने ऑलिंपिक सुवर्णपदक. एकेरीत एकूण ४९ विजेतेपदे. १९९९ मध्ये विंबल्डनवरच तो शेवटचा सामना हरला आणि निवृत्त झाला. बक्षिसांची रक्कम सुमारे अडीच कोटी डॉलर भरते. जाहिराती आणि करार धरून कारकिर्दीची कमाई पाच कोटी डॉलरांच्या घरात होती, असे पुढे न्यायालयात सांगण्यात आले.

हा तरुण विचारशून्य नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. १९८७ मध्ये विंबल्डनच्या दुसऱ्याच फेरीत पीटर डूहान या अपरिचित ऑस्ट्रेलियन खेळाडूने त्याला हरवले, तेव्हा जर्मनीत जणू राष्ट्रीय आपत्ती कोसळली. बेकरने शांतपणे सांगितले की युद्ध हरलेले नाही, कोणी मेलेले नाही, टेनिसचा एक सामना तेवढा गेला आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाकडे एवढे तारतम्य होते. हॅम्बुर्गच्या हाफेनश्ट्रासे या रस्त्यावरील रिकाम्या घरांचा ताबा घेऊन राहणाऱ्या तरुणांचे आंदोलन त्या वेळी गाजत होते. राज्यकर्ते आणि प्रतिष्ठित वृत्तपत्रे त्यांच्या विरोधात असताना बेकरने त्यांच्याविषयी सहानुभूती व्यक्त केली. मनाने तो निबर नव्हता. पण सहानुभूती मनात राहिली आणि पैसा मोनाकोत राहिला. मनातील सद्भावनेला व्यवहारात उतरवणारी कोणतीही संस्था त्याच्या आयुष्यात उरलेली नव्हती. कर हे त्या उतरण्याचे सर्वांत साधे साधन. तेच त्याच्या सल्लागारांनी टाळण्याची बाब ठरवले होते.

पहिला जाब विचारला गेला तो २००२ मध्ये. म्यूनिकच्या न्यायालयात असे सिद्ध झाले की १९९१ ते १९९३ या काळात मोनाकोचा रहिवासी म्हणवणारा बेकर प्रत्यक्षात म्यूनिकमध्ये राहत होता. तेथे बहिणीच्या घरात त्याची खोली होती. बुडवलेला कर सुमारे १७ लाख युरो. न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा दिली, पण ती स्थगित ठेवली. शिवाय तीन लाख युरोंचा दंड केला. एकदा चुकलेल्या माणसाला समाजाने दिलेली ती संधी होती. हिशेब नीट करण्याची ती वेळ होती.

परंतु निवृत्तीनंतर बेकरजवळ विकण्यासारखा एकच माल उरला होता. तो म्हणजे त्याचे नाव. खेळाडूचे शरीर पस्तिशीच्या आत थकते आणि मिळकतीचा ओघ आटतो, खर्चाची सवय मात्र आटत नाही. मग नावाचे भांडवल होते. ईशान्य जर्मनीत मर्सिडीज मोटारींच्या विक्रीची दालने त्याच्या नावावर उघडली गेली. २००० साली इंटरनेटचा गाजावाजा ऐन भरात असताना ‘स्पोर्टगेट’ नावाच्या कंपनीत तो भागीदार झाला. २००१ मध्येच ती बुडाली आणि तिचे धनको त्याच्या जामीनकीवर बोट ठेवून न्यायालयात गेले. याच सुमारास घटस्फोट झाला. त्याच्या तडजोडीची रक्कमही मोठी होती. पुढे बी.बी.सी.वर समालोचन, जाहिराती, पत्त्यांच्या जुगाराचे प्रायोजित डाव आणि डिसेंबर २०१३ पासून तीन वर्षे नोव्हाक जोकोविचचे प्रशिक्षकपद. जोकोविचने त्या काळात सहा ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. टेनिसचे त्याचे ज्ञान अस्सल होते, आणि त्या ज्ञानावर एखादा माणूस सुखाने जगू शकला असता.

तसे झाले नाही, कारण कर्ज मिळत गेले. सामान्य माणूस बँकेच्या दारात उभा राहिला तर त्याच्याकडे पगाराचा दाखला मागतात, जामीनदार मागतात. कीर्तिवंताची कीर्तीच तारण धरली जाते. लंडनच्या अर्बथनॉट लेथम या खाजगी बँकेने त्याला २०१३ मध्ये सुमारे ४६ लाख युरो दिले. २०१४ मध्ये एका अब्जाधीश उद्योगपतीने १२ लाख पौंड दिले, ते दरसाल दरशेकडा २५ व्याजाने. हा दर ऐकून महाराष्ट्रातील श्रोत्याला सावकाराच्या वहीची आठवण व्हावी. फरक एवढाच की येथे वही राजवाड्यासारख्या घरात उघडली होती. मायोर्का बेटावरील त्याची मोठी इस्टेट वर्षानुवर्षे बांधकामाच्या आणि देण्याघेण्याच्या वादांत अडकली. विंबल्डनमध्ये तो राहत असलेल्या घराचे भाडे महिना २२,००० पौंड होते. जुने देणे भागवण्यासाठी नवे कर्ज आणि नवे कर्ज मिळावे म्हणून जुना थाट, असे हे चक्र होते. थाट उतरवला असता तर कर्ज देणारेच बंद झाले असते. म्हणजे ज्याला उधळेपणा म्हणून नावे ठेवली जातात, तो एका अर्थाने त्या धंद्याचा चालू खर्च होता.

२१ जून २०१७ रोजी त्याच बँकेच्या अर्जावरून लंडनच्या न्यायालयाने बेकरला नादार ठरवले. येथे कायद्याचा थोडा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. एके काळी इंग्लंडात कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकीत. चार्ल्स डिकन्सचे वडील १८२४ मध्ये लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले ते याच कारणाने, आणि बारा वर्षांचा डिकन्स कारखान्यात काळ्या पॉलिशच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवू लागला. पुढे १८६९ च्या कायद्याने ही पद्धत बहुतांशी संपवली. आजचा नादारीचा कायदा ऋणकोला सांगतो, की जे आहे ते सगळे समोर ठेव. विश्वस्त ते विकून धनकोंना वाटतील. ठराविक काळानंतर उरलेल्या बोजातून तू मुक्त होशील आणि पुन्हा जगू लागशील. ही मानवी संस्कृतीने मिळवलेली मोठी गोष्ट आहे. समाज येथे धनकोच्या हक्काला मुरड घालतो आणि माणसाला कर्जापेक्षा मोठे मानतो. त्याच्या बदल्यात तो एकच गोष्ट मागतो, आणि ती म्हणजे सत्य.

नेमके तेच बेकरला देता आले नाही. ८ एप्रिल २०२२ रोजी ज्यूरीने त्याला चार आरोपांत दोषी ठरवले. वीस आरोपांतून तो निर्दोष सुटला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उदाहरणार्थ, विंबल्डनचे काही चषक आणि पदके विश्वस्तांच्या हाती दिली नाहीत, हा आरोप टिकला नाही. जे टिकले ते असे: धंद्याच्या खात्यातून चार लाखांहून अधिक युरो इतरत्र वळवले, लिश्टेनश्टाइनमधील एका बँकेचे सव्वाआठ लाख युरोंचे कर्ज लपवले, एका कंपनीचे ७५,००० शेअर लपवले, आणि लाइमेन येथील घर जाहीर केले नाही. ज्या गावाने त्याला घडवले त्याच गावातील घर हिशेबातून वगळले गेले.

या पाच वर्षांतील आणखी तीन प्रसंग बोलके आहेत. २०१८ मध्ये बेकरने असा दावा केला की मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाने त्याला युरोपीय संघाकडे आपला क्रीडाविषयक प्रतिनिधी नेमले असून राजनैतिक संरक्षणामुळे त्याच्यावर कारवाई होऊ शकत नाही. त्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडून ते पारपत्र खोटे असल्याचे सांगण्यात आले आणि वर्ष संपण्यापूर्वी बेकरने तो दावा सोडून दिला. जगातील अत्यंत गरीब देशांत ज्याची गणना होते अशा देशाचे नाव लंडनच्या कर्जातून सुटण्यासाठी वापरले जावे, यात बरेच काही आले. पहिला पत्ता करातून सुटण्यासाठी होता, शेवटचा पत्ता कायद्यातून सुटण्यासाठी. दोन्ही ठिकाणी घर असे कोठेच नव्हते.

त्याच वर्षी मायोर्कावरील त्याच्या ओसाड पडलेल्या इस्टेटीत काही बेघर माणसे शिरून राहू लागली. हाफेनश्ट्रासेच्या तरुणांची बाजू घेणाऱ्या माणसाच्या रिकाम्या घरात तीस वर्षांनी तशीच माणसे आली. परंतु आता तो दुसऱ्या बाजूला होता. आणि जुलै २०१९ मध्ये त्याचे चषक, पदके, घड्याळे अशा ८२ वस्तूंचा लिलाव झाला. आले ते सुमारे ६,८७,००० पौंड. एकूण देणे सुमारे पाच कोटी पौंडांचे होते. आयुष्यभराच्या घामाची खूण असलेल्या वस्तूंनी त्या डोंगराचा दीड टक्काही हलला नाही.

शिक्षा देताना न्यायाधीश डेबरा टेलर यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. २००२ च्या स्थगित शिक्षेने दिलेला इशारा आणि दिलेली संधी त्याने मानली नाही, ही पहिली. त्याला मानहानी सोसावी लागली हे खरे, पण त्याच्या ठायी नम्रता दिसली नाही, ही दुसरी. पश्चात्तापाचा शब्द नाही, सगळा दोष सल्लागारांवर. वाँड्सवर्थ आणि नंतर हंटरकूम येथे सुमारे आठ महिने काढल्यावर १५ डिसेंबर २०२२ रोजी त्याची सुटका झाली आणि त्याला जर्मनीला पाठवण्यात आले. तुरुंगात तो सहबंद्यांना इंग्रजी आणि गणित शिकवण्यास मदत करीत असे, असे त्याने सांगितले आहे. मे २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला नादारीतून मुक्त केले. चार कोटी पौंडांहून अधिक देणे तेव्हाही न फिटलेले होते. ज्या कायद्याने लपवाछपवीबद्दल शिक्षा केली त्याच कायद्याने, विश्वस्तांशी समझोता झाल्यावर आणि शक्य ते केल्यावर, त्याची वाट मोकळी केली. कायदा सूडबुद्धीने वागत नाही, हे येथे दिसले.

हे एका माणसाच्या स्वभावाचे प्रकरण आहे, असे कोणी म्हणेल. तसे असते तर ते टेनिसमध्ये इतक्या वेळा घडले नसते. ब्यॉर्न बोर्ग १९७० च्या दशकात स्वीडनच्या करांपासून दूर म्हणून मोनाकोला गेला. सव्विसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या नावाने निघालेला कपड्यांचा धंदा बुडाला. आणि २००६ मध्ये विंबल्डनचे चषक लिलावात काढण्याची वेळ त्याच्यावर आली. जॉन मॅकेन्रोसारखे जुने प्रतिस्पर्धी आडवे आले म्हणून तो लिलाव टळला. स्टेफी ग्राफचे वडील तिच्या पैशाचा कारभार पाहत. सुमारे सव्वा कोटी मार्कांच्या करचुकवेगिरीबद्दल त्यांना जानेवारी १९९७ मध्ये पावणेचार वर्षांची शिक्षा झाली. स्पेनची अरांचा सांचेझ व्हिकारियो अंडोरा या छोट्या देशाची रहिवासी म्हणवत होती. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते अमान्य करून कोट्यवधींची वसुली कायम केली. आईवडिलांच्या कारभारात आपली सारी कमाई गेली, असे तिने २०१२ मध्ये आत्मचरित्रात लिहिले. आणि एका लक्झेंबर्गी बँकेचे देणे टाळण्यासाठी मालमत्ता लपवल्याबद्दल जानेवारी २०२४ मध्ये तिलाही दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. मोनाको, अंडोरा, लक्झेंबर्ग, लिश्टेनश्टाइन: युरोपच्या नकाशावर जे ठिपके शोधून काढावे लागतात तेच या कथांत पुनःपुन्हा येतात. माणसे वेगळी, स्वभाव वेगळे, देश वेगळे; वाट मात्र एकच.

ही वाट अशी आहे. कोवळ्या वयात शाळा सुटते. मिळकत, पत्ता, करार, प्रवास हे सारे दुसऱ्यांच्या हाती जाते. त्या दुसऱ्यांचे उत्पन्न खेळाडूच्या उलाढालीवर असते, त्याच्या म्हातारपणावर नव्हे. स्वतःचा हिशेब स्वतः करण्याची वेळच येत नाही. देश सुटलेला असल्यामुळे समाजालाही हिशेब द्यावा लागत नाही. अशा रीतीने जो दोन्हीकडून हिशेबापासून मुक्त होतो तो स्वतंत्र झाला असे भासते. प्रत्यक्षात तो एकटा पडलेला असतो. आणि एकट्या माणसाशी सावकार फार सहज बोलू शकतो.

म्हणून बेकरचा दोष झाकण्याचे कारण नाही. तो सज्ञान होता, एकदा त्याला सावध केले गेले होते आणि त्याने असत्य निवडले. परंतु व्यक्तीचा दोष दाखवून व्यवस्थेला सोडून देणे हा भांडवलशाही नीतिशास्त्राचा आवडता मार्ग आहे. ज्या व्यवस्थेने सतरा वर्षांच्या मुलाला कराचा पत्ता शिकवला, नावावर कर्ज दिले, चौथाई व्याज लावले आणि तो कोसळल्यावर त्याच्यावर संयमाचे प्रवचन दिले, तिने कोणत्याही न्यायालयात हजेरी लावलेली नाही.

मागण्या काय असाव्यात हेही यातूनच निघते. माणूस प्रत्यक्ष जेथे राहतो, कमावतो आणि ज्या समाजाने त्याला घडवले तेथे त्याने कर दिला पाहिजे. कागदी वास्तव्याला मान्यता असू नये. अल्पवयीन खेळाडूच्या कमाईचा एक भाग सार्वजनिक देखरेखीखाली त्याच्या पुढील आयुष्यासाठी राखून ठेवला जावा आणि त्याचे शिक्षण तुटू नये. आणि खेळाडूंची संघटना ही पुन्हा खऱ्या अर्थाने संघटना व्हावी. १९७३ मध्ये बहिष्कार घालणारी पुरुष खेळाडूंची संघटना १९९० पासून स्पर्धाचालकांची भागीदार होऊन दौरा चालवू लागली; तेव्हापासून तिच्यातील श्रमिकांचा आवाज क्षीण झाला. २०२० मध्ये जोकोविच आणि कॅनडाचा व्हासेक पोस्पिसिल यांनी खेळाडूंची वेगळी संघटना काढली, ती याच जाणिवेतून. शिखरावरच्या दहापाच जणांची चिंता हा तिचा मुख्य विषय असू नये. प्रवासखर्च निघेल की नाही या विवंचनेत गावोगाव खेळणारे शेकडो खेळाडू हा तिचा विषय असला पाहिजे. १९७३ चे ८१ जण बाहेर पडले तेव्हा त्यांत विजेते होते आणि पहिल्या फेरीत हरणारेही होते.

साथींनो, पाच रुपयांची वर्गणी घेऊन पावती फाडणारा कार्यकर्ता रात्री दिव्याखाली बसून पावती-पुस्तकाची बेरीज जुळवतो. एखादा रुपया कमी भरला तर खिशातून घालतो आणि दुसऱ्या दिवशी शाखेच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवतो. त्या बैठकीत त्याच्यावर कोणाचा संशय नसतो. हिशेब वाचला जातो तो, पैसा सर्वांचा आहे याची आठवण राहावी म्हणून. कर हीसुद्धा समाजाची वर्गणीच आहे. बेकरच्या आयुष्यात अशी बैठक १९८४ साली बंद झाली आणि ती पुन्हा भरली ती अडतीस वर्षांनी, लंडनच्या न्यायालयात. तोपर्यंत वाचून दाखवण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.